काकूंनी काढलेला एकच फोटो: एका मीटरगेज स्टेशनचा शोध

पार्श्वभूमी

मी अकोट तालुक्यातल्या एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षक आहे. रेल्वेचा नाद लहानपणापासूनचा, आणि तो साऱ्या गावाला ठाऊक आहे. दिवाळीत घरं झाडताना जुने अल्बम निघाले की कोणी ना कोणी फोटो घेऊन दारात येतं. "गुरुजी, हे कोनतं टेशन व्हय?" फोटो सुट्टीतल्या प्रवासाचे असतात. कोणी देवदर्शनाला गेलेलं, कोणी मामाच्या गावाला. खिडकीच्या गजांतून काढलेलं एखादं शेत, फलाटावरचा नळ, डब्याच्या दारात उभी पोरं.

बहुतेक वेळा उत्तर लवकर सापडतं. मुंबई–नागपूर मार्गावर विजेच्या खांबांना छोट्या पाट्या असतात. त्यांवरचा वरचा आकडा किलोमीटरचा, आणि तो मुंबईपासून मोजलेला. ५४७ च्या आसपास असेल तर शेगाव, ५८४ ला अकोला, ६६३ ला बडनेरा, ७५८ ला वर्धा, ८३७ ला नागपूर. नागपूरच्या पुढं मोजणी हावड्यापासूनची. तिथं आकडा ११३१ च्या घरात जातो आणि गोंदियाकडे जाताना उतरत हजाराजवळ येतो. खांब दिसत नसेल तर शेताकडे पाहायचं. काळ्या जमिनीत तूर आणि पऱ्हाटी दिसली तर आपला वऱ्हाड, संत्र्याच्या बागा दिसल्या तर नरखेड-काटोलची बाजू, पाण्यानं भरलेल्या धानाच्या बांध्या दिसल्या तर भंडारा-गोंदिया. घरांवर कवेलू आहेत की टिनं, डबे जुन्या तांबूस रंगाचे आहेत की नंतरचे निळे, यावरूनही काळ ठरवता येतो.

ही हकिगत मात्र अशा फोटोची आहे ज्यात यातलं फारसं काही चाललं नाही. त्यात मी एका म्हाताऱ्या बाईला चुकीच्या जागी नेऊन उभं केलं. घरच्यांच्या संमतीनं लिहितो आहे. नावं आणि गाव मुद्दाम दिलेलं नाही.

काकू बहात्तर वर्षांच्या. काका २०२१ मध्ये गेले. फोटोत काका फलाटावर उभे आहेत, कडेवर धाकटी लेक, दुसऱ्या हातात पानाचा द्रोण. मागे गाडीचा डबा, उजव्या कोपऱ्यात डिझेल इंजिनाचा हातभर भाग, त्याच्या मागे सागाचा डोंगर. डाव्या कोपऱ्यात दुसऱ्या लाइनीचे रूळ आणि त्यांच्याखालचे चार-पाच आडवे लाकडी स्लीपर. स्टेशनची पाटी नाही.

"आमच्या घरी कॅमेरा नव्हता," काकू म्हणाल्या. "दिराचा आनला होता. सारे फोटो त्यायनंच काढले, म्हनून ते कोन्यातच नाहीत. हा एक मी काढला. मले तथी एक डाव जाऊन बसाचं हाय."

प्रश्न

घरच्यांची आठवण अशी: साल १९९६ किंवा १९९७, उन्हाळ्याच्या सुट्ट्या. लहान गाडीनं ओंकारेश्वरला गेले, तिथून इंदूरला नातेवाइकांकडे. फोटो धूळघाटचा. थोरला मुलगा ठामपणे सांगत होता. तो तेव्हा सहावीत होता.

आमच्या भागात धूळघाट म्हटलं की सगळ्यांचे डोळे चमकतात. अकोला–खंडवा मीटरगेज लाइन, म्हणजे दोन रुळांत एक मीटर अंतर असलेली, मेळघाटातून जायची. धूळघाटाजवळ चढ सोसवावा म्हणून रुळांना वेटोळं दिलेलं होतं, आणि गाडी स्वतःच्याच रुळांवरून पुलानं पलीकडे जायची. डब्यातली पोरं खिडकीबाहेर डोकी काढून खालचे रूळ पाहायची. ज्यानं त्या गाडीनं प्रवास केला त्याला दुसरं काही नाही तरी धूळघाट आठवतोच. पुढं माझी चूक झाली तिचं मूळ इथंच आहे.

ही लाइन १ जानेवारी २०१७ ला बंद झाली. अकोला–अकोट ब्रॉडगेज होऊन २०२२ मध्ये गाड्या सुरू झाल्या. अकोटच्या पुढं व्याघ्र प्रकल्पाच्या प्रश्नावर काम अडलं. त्यामुळे गाडीत बसून एक-एक स्टेशन पाहत जाण्याचा साधा मार्ग आम्हाला उरला नव्हता.

फोटोत काय दिसत होतं

आधी गेज. स्लीपरची लांबी आणि दोन रुळांमधलं अंतर यांचं प्रमाण काढलं की फोटो कितीही लांबून काढलेला असो, फारसा फरक पडत नाही, कारण दोन्ही मापं एकाच जागेवर, एकाच दिशेत असतात. ब्रॉडगेजचा लाकडी स्लीपर २.७५ मीटर आणि गेज १.६७६, म्हणजे प्रमाण साधारण १.६४. मीटरगेजचा १.८ मीटरला १. मूर्तिजापूर–अचलपूरच्या 'शकुंतला' गाडीसारख्या ७६२ मिलिमीटरच्या नॅरोगेजला दीड मीटरचा स्लीपर, प्रमाण जवळजवळ २. फोटो मोठा करून पट्टीनं मोजलं तेव्हा १.८ च्या आसपास आलं. शकुंतलेची लाइन त्यातून बाद झाली. काकूंच्या माहेराकडे जाणारी ती गाडी, म्हणून शंका होती.

विजेचे खांब नव्हते, पण ती मीटरगेज विजेवर कधी चाललीच नाही. त्याचा उपयोग शून्य.

सावली काकांच्या उंचीच्या पाऊणपट. आमच्या अक्षांशावर मे महिन्यात भर दुपारी सावली पायाशी गोळा होते, दिवाळीच्या सुमारास मात्र भर दुपारीही पाऊण उंचीची पडते. म्हणजे एकतर दिवाळीतली दुपार, नाहीतर उन्हाळ्यातली सकाळ किंवा तिसरा प्रहर. फोटोत दिशा कळत नव्हती, म्हणून हा धागा मी सोडून दिला.

डोंगरावरचा साग हिरवागार होता. मे महिन्यात साग निष्पर्ण असतो, हे आमच्याकडच्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे. मलाही माहीत होतं. तरी मी मनाशी म्हटलं, त्या वर्षी वळवाचा पाऊस लवकर झाला असेल.

पर्याय

चार जागा डोळ्यांसमोर होत्या. आमच्या बाजूला वान रोड आणि धूळघाट. खंडव्याच्या पलीकडे, इंदूरजवळच्या महूच्या घाटातली कालाकुंड आणि पातालपानी. चारही ठिकाणी डोंगर, चारही मीटरगेजवर.

पाटीचा एक तुकडा जरी फोटोत असता तरी राज्य ठरवता आलं असतं असं पुष्कळांना वाटतं. महाराष्ट्रात पाटीवर मराठी, हिंदी आणि इंग्रजी असते, मध्य प्रदेशात हिंदी आणि इंग्रजी. पण नाव दोन्ही भाषांत सारखंच लिहिलं जात असेल तर आपल्याकडेही ते बऱ्याचदा एकदाच लिहितात. अंधूक पाटीवर दोन ओळी दिसल्या म्हणून मध्य प्रदेश म्हणायची घाई करू नये.

पुढं काय करायचं याचे तीन रस्ते होते. एक, फोटो गावोगावच्या व्हॉट्सॲपवर पाठवून विचारायचं. काकूंनी साफ नकार दिला. "त्यायचा फोटो कोनाकोनाच्या हाती कायले?" मला ते पटलं. दोन, घरात आणखी काही सापडतं का ते शांतपणे शोधायचं: बाकीचे फोटो, निगेटिव्ह, तिकिटं, त्या वर्षाची डायरी. तीन, धूळघाट जवळच आहे, जाऊन पाहायचं.

पहिला निर्णय

थोरला पुण्याहून चार दिवसांच्या सुट्टीवर आला होता. आईला नेऊन आणायचं तर आत्ताच. मी काकूंना विचारलं, "काकू, धूळघाटच होतं ना ते?" त्या म्हणाल्या, "असंल." त्या "असंल"वर मी निर्णय घेतला.

मी थांबू शकलो असतो. मुलाला सांगू शकलो असतो की अजून खात्री नाही, पुढच्या सुट्टीत पाहू. पण मलाही तो फोटो धूळघाटचाच हवा होता. आपल्या लाइनीचा, आपल्या डोंगरातला, पोराबाळांना दाखवता येईल असा.

मेळघाटातल्या रस्त्यानं आम्ही धूळघाट रेल्वे या गावी पोचलो. हो, गावाच्या नावातच रेल्वे आहे, आणि रेल्वे नाही. फलाटाच्या कडेला गवत कमरेएवढं. मुलानं आईचा हात धरून तिला पुढं नेलं. काकू पाच मिनिटं उभ्या राहिल्या. इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. मग मला म्हणाल्या, "गुरुजी, हे नाही बाप्पा. हे तं नाहीच."

परतीच्या वाटेवर त्या काही बोलल्या नाहीत. घरी उतरताना म्हणाल्या, "जाऊ द्या. मले वाटते म्याच इसरली." हे वाक्य मला फार लागलं. त्यांची आठवण चुकीची नव्हती. मी तिच्यावर माझं उत्तर लादलं होतं, आणि आता त्या स्वतःच्या डोक्यावर शंका घेत होत्या.

पुन्हा पहिल्यापासून

दोन गोष्टींनी काम मार्गाला लागलं, आणि दोन्ही माझ्या रेल्वेच्या माहितीबाहेरच्या.

पहिली माझ्या पत्नीची. मी फोटो मोठा करून स्लीपर मोजत बसलो होतो. ती चहा ठेवायला आली, एकदा पाहिलं आणि म्हणाली, "पोरीच्या डोक्यावर लोकरीचं टोपडं आहे. मे महिन्यात अकोटच्या बाईनं लेकराला लोकर घातली असती काय?" दोन आठवडे मी फोटोचा एकेक इंच पाहत होतो, पण लेकराकडे पाहिलंच नव्हतं. साग हिरवा, टोपडं लोकरीचं, सावली पाऊण. तिन्ही एकच सांगत होते: सुट्टी दिवाळीची होती. ओंकारेश्वर-इंदूरला हे कुटुंब पुढंही एकदा उन्हाळ्यात गेलं होतं, आणि आठवणीत दोन्ही प्रवास एक झाले होते.

दुसरी गोष्ट विचारण्याची. या वेळी मी काकूंकडे गेलो तो कोणत्याही स्टेशनचं नाव न काढता. फोटो समोर ठेवला आणि म्हटलं, "हा काढायच्या आधी काय झालं होतं आणि नंतर काय झालं, एवढंच सांगा." त्या बराच वेळ गप्प राहिल्या. मग एकदम म्हणाल्या, "गाडी लय वेळ उभी होती. मांगून इंजन लावलं. धक्का बसला तं माह्या हातचं पानी सांडलं लुगड्यावर. म्हनून मी खाली उतरली झटकाले, अन् हे म्हनाले, आता तूच काढ."

मागून लावलेलं इंजिन! कालाकुंड ते पातालपानी हा दहाएक किलोमीटरचा घाट. चढ ४० ला १, म्हणजे चाळीस मीटर पुढं गेलं की गाडी एक मीटर वर. महूकडे जाणाऱ्या गाडीला कालाकुंडला मागून दुसरं इंजिन जोडायचे, ते ढकलत वर न्यायचं. त्यासाठी गाडी तिथं थांबायची आणि त्याच थांब्यात फलाटावर पानात बांधलेला कलाकंद विकला जायचा. कालाकुंडचा कलाकंद त्या लाइनीवर नावाजलेला आहे. फोटोच्या कोपऱ्यातलं जे इंजिन मी गाडीच्या पुढचं समजत होतो, ते शेपटाकडचं असू शकत होतं.

पण मी एकदा भाजलो होतो. द्रोण काय, कोणत्याही स्टेशनवर मिळतो. आठवण पक्की वाटली तरी ती तीसेक वर्षांपूर्वीची. म्हणून मी धाकट्या लेकीला, म्हणजे त्या टोपड्यातल्या पोरीला, दिराकडे पाठवलं. कॅमेरा त्यांचा होता, रोल त्यांनीच धुवायला दिला असणार. त्यांच्या ट्रंकेत एका पाकिटात निगेटिव्हच्या पट्ट्या निघाल्या.

निगेटिव्हच्या कडेला छापलेले आकडे क्रम सांगतात; अल्बम सांगत नाही, कारण अल्बममध्ये फोटो आवडीप्रमाणे लावले जातात. मोबाइलच्या पांढऱ्या पडद्यावर पट्टी ठेवून दुसऱ्या मोबाइलनं फोटो काढला आणि रंग उलटे केले. १४ ते १६ ओंकारेश्वर: नाव, घाट, मंदिराचा कळस. १७ गाडीतून दिसणारं मोठ्या नदीचं पात्र. १८ हललेला. १९ काका, लेक, द्रोण. २० गाडीच्या दारातून दिसणारी खोल दरी आणि तीत कोसळणारा धबधबा. २३ इंदूरचा राजवाडा.

एवढ्यावर धूळघाट पूर्ण बाद झालं. ओंकारेश्वर आणि इंदूर यांच्या मधला फोटो मेळघाटातला असूच शकत नाही. नर्मदा ओलांडल्यानंतर आणि पातालपानीच्या धबधब्याआधी, म्हणजे बडवाह, चोरल, कालाकुंड एवढाच टप्पा उरला. उन्हाळ्यात हा धबधबा जवळजवळ आटतो, फोटोत तो भरून वाहतो आहे, म्हणजे दिवाळीही जुळली. आणि मागून इंजिन लागायचं ते कालाकुंडला.

दुसरा निर्णय: काकूंना काय सांगायचं

थोरल्याला आईला न सांगता नेऊन आश्चर्याचा धक्का द्यायचा होता. मी विरोध केला. आमचं थोडं वाजलंही. माझं म्हणणं असं की धूळघाटला आपण त्यांना परीक्षेला बसवलं होतं: ओळखा, हेच ना? पुन्हा तसं नको. शेवटी आम्ही निगेटिव्हचे फोटो क्रमानं त्यांच्यासमोर मांडले आणि आमचा हिशेब समजावला. "कालाकुंड असावं असं वाटते. तुम्हाले तसं नाही वाटलं तं तसं सांगजा," एवढं मी म्हणालो. त्यांनी १७ आणि २० नंबरचे फोटो किती वेळ पाहिले. ते काकांच्या हातचे होते, आणि अल्बममध्ये कधी लागलेच नव्हते.

काय झालं

हा घाट अजून जिवंत आहे, हे आमचं नशीब. होळकरांच्या राज्यात १८७० च्या दशकात घातलेली ही लाइन. १८७० मध्ये तुकोजीराव होळकरांनी खंडवा–इंदूर रेल्वेसाठी इंग्रज सरकारला एक कोटी रुपये कर्ज दिलं होतं. खालच्या भागात मीटरगेज काढून ब्रॉडगेजचं काम सुरू झालं, पण पातालपानी–कालाकुंड हा तुकडा वारसा म्हणून ठेवला आहे. २०१८ च्या डिसेंबरपासून त्यावर मोठ्या काचांच्या डब्यांची पर्यटक गाडी चालते.

श्रावणात आम्ही महूला गेलो. काकू, दोन मुलं, मी आणि माझी पत्नी. गाडी आता वरून खाली उतरते, म्हणजे त्या वेळच्या उलट दिशेनं. बोगद्यांत पोरं ओरडत होती. काकू खिडकीशी बसून होत्या, हातात फोटो प्लास्टिकच्या पिशवीत.

मी फोटोतल्या डोंगराची रेघ ट्रेसिंग पेपरवर काढून नेली होती. फलाटाच्या एका टोकाला उभं राहून ती समोर धरली तेव्हा दोन उंचवटे बरोबर बसले, तिसऱ्याला झाडीनं झाकलं होतं. फलाट बदललेला, काका नेमके कुठं उभे होते ते ठरवता आलं नाही. दहा-पंधरा पावलांचा फरक राहिला असेल.

काकूंना मी काही विचारलं नाही. त्या उतरल्या, डोंगराकडे पाठ करून उभ्या राहिल्या, मग वळून पाहिलं. बाकावर जाऊन बसल्या. थोड्या वेळानं म्हणाल्या, "पान्याचा आवाज येत होता तवाही." खाली नदी वाहत होती. नदीबद्दल आमच्यापैकी कोणी त्यांना काही बोललं नव्हतं.

लेकीनं कलाकंद आणला. काकूंनी तिला द्रोण हातात धरून उभं राहायला लावलं आणि तिचाच मोबाइल घेऊन फोटो काढला. बोट काचेवर आलं, परत काढला. सात-आठ वेळा. परतीची शिट्टी झाली तरी त्या काढत होत्या.

पुन्हा करायचं झालं तर

निगेटिव्ह आधी मागेन. घरोघरी पाकिटं पडून आहेत, फोटो धुतल्यावर ती कोणी पाहत नाही. आम्हाला ती पहिल्या दिवशी मिळाली असती तर धूळघाटचा फेरा पडला नसता.

प्रवासाचं साल आणि हंगाम घरच्यांकडून घेईन, पण गृहीत धरणार नाही. झाडं, कपडे, सावली हे आधी पाहीन आणि ते आठवणीशी जुळत नसतील तर तिथंच थांबेन. सागाची पानं मला दिसली होती. मी त्यांना वळवाच्या पावसाची सबब जोडली, ती या प्रकरणातली माझी सगळ्यात मोठी चूक. माहिती नव्हती म्हणून कोणी चुकलं तर समजू शकतो. मला माहिती होती.

म्हाताऱ्या माणसाला नाव सुचवून प्रश्न विचारणार नाही. गुरुजींनी विचारलं की आमच्याकडच्या बाया "असंल" म्हणतात; तो मान असतो, त्याला दुजोरा समजायचं नाही. "आधी काय झालं, नंतर काय झालं" या प्रश्नानं जे निघालं ते माझ्या सगळ्या मोजमापापेक्षा मोलाचं होतं. हा प्रश्न मी धूळघाटच्या आधी विचारला असता तर काकूंना ते "म्याच इसरली" म्हणावं लागलं नसतं.

फोटो पसरवायचा नाही, हा निर्णय मी पुन्हाही तसाच घेईन. त्यात वेळ गेला, पण माणूस त्यांचा होता.

साल अजून ठरलेलं नाही. थोरला म्हणतो १९९६, दीर म्हणतात १९९७. लेकीच्या अंगावरून दीड वर्षाची वाटते, आणि त्या हिशेबानं १९९६ कडे माझा कल आहे, पण तेवढ्यावर लिहायचं नाही असं ठरलं. फोटोच्या मागं बॉलपेन दाबून लिहिलं की अक्षरं पुढच्या बाजूला उमटतात, म्हणून मी काकूंना मऊ पेन्सिल दिली. त्यांनी लिहिलं: "कालाकुंड. दिवाळी." खाली सालासाठी जागा मोकळी सोडली, आणि तिच्याखाली आपलं नाव.